पत्रिकेत मंगळ

काशीत पूर्ण वाट कुणी सांगत नाही. ‘सीधे जाइए, पानवाले से बाएँ, आगे पूछ लीजिए.’ पानवाला पुढच्या देवळापर्यंतचं सांगतो, देवळाबाहेरची फुलवाली त्याच्या पुढचं. मी गेली अनेक वर्षं लिनक्सवर नेटवर्क सांभाळतो, त्यामुळे मला यात काहीच वावगं वाटलं नाही. राउटरलाही अख्खा रस्ता ठाऊक नसतो, फक्त पुढचा नाका ठाऊक असतो. पुण्याहून निघालेलं पॅकेट अमेरिकेला पोचतं ते असंच, विचारत विचारत. वाटेत रबडी खात नाही, एवढाच फरक.

मणिकर्णिका घाटाची वाट मात्र विचारावी लागत नाही. कचौडी गल्लीत मागून ‘राम नाम सत्य है’ ऐकू आलं, की भिंतीला पाठ लावायची, तिरडी पुढे जाऊ द्यायची आणि मागोमाग चालायचं. गल्ली अडवून रवंथ करणारा बैलसुद्धा तेवढ्यापुरता सरकतो. कुणाला आधी सोडायचं आणि कुणाला थांबवायचं, हे लिनक्सच्या ‘टीसी’ला, म्हणजे ट्रॅफिक कंट्रोलला, पढवताना माझ्या रात्री गेल्यात. इथे बैलाला कुणी पढवलं, कोण जाणे.

मावशीला काशी घडवायला आलो होतो. काशीत आवडती वस्तू सोडायची असते. मावशीने आयुष्यात कधी न खाल्लेलं पडवळ सोडलं आणि मला म्हणाली, ‘‘तू तो लॅपटॉप सोड.’’ सोडणारही होतो. पण ऑफिसातून पोराचा फोन आला, ‘‘सर, दुसरी लाइन चालू दिसतेय, पण तिच्यावरून बाहेरच्या कुणालाच साइट उघडत नाहीये.’’

इंटरनेटची ही दुसरी लाइन काशीला निघायच्या आदल्या दिवशी मीच घाईघाईत जोडली होती.

घाटाच्या वरच्या पायरीवर बसलो. खाली चिता, मागे लाकडांच्या थप्प्या, लाकूड तोलायचा माणसाएवढा तराजू. पलीकडे शिंदे घाट. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला तो घाट स्वतःच्याच वजनाने खचला होता, पुढे पुन्हा बांधला गेला. किती भार झेपेल हे आधी मोजायला हवं, ते आम्ही अजूनही नंतरच मोजतो. लॅपटॉप उघडताच एक जण खेकसला, ‘‘फोटो मना है!’’ म्हटलं, ‘‘फोटो नहीं भैया, ऑफिस का काम.’’ तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. ‘‘यहाँ भी?’’ म्हणाला आणि निघून गेला.

ट्रेसरूट लावला. या हत्याराचा विचार मी त्या जागी बसेपर्यंत कधी नीट केला नव्हता. प्रत्येक पॅकेट जन्मतःच आयुष्य मोजून घेऊन येतं, लिनक्समध्ये सहसा ६४ नाक्यांचं. दर राउटरपाशी एक कमी होतो. शून्य झालं, की तो राउटर पॅकेट संपवतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसनने यातून युक्ती काढली. पहिल्या पॅकेटाला आयुष्य एकाच नाक्याचं द्यायचं, पुढच्याला दोन, मग तीन. जे जिथे मरेल तिथून सांगावा येईल, आणि सांगाव्यावर त्या जागेचा पत्ता असेल. न पोचलेल्यांच्या सुतकाच्या पत्रांतून रस्ता जुळवायचा.

माझी पत्रं शेवटच्या नाक्यापर्यंत येत होती. त्यापुढे नुसत्या तीन तारका. म्हणजे पॅकेटं दारापर्यंत पोचत होती आणि माझ्याच मशीनमध्ये गुपचूप मरत होती.

पहिल्या लाइनवरून आत शिरून लॉग चालू केला. दर ओळीत ‘मार्शियन सोर्स’. मार्शियन म्हणजे मंगळावरचा. लिनक्सने माझ्या गिऱ्हाइकांच्या पत्रिकेत मंगळ काढला होता! त्याचं म्हणणं असं: ‘पाहुणा दुसऱ्या दाराने आलाय. याला उत्तर द्यायचं तर माझ्या वहीप्रमाणे पहिल्या दाराने द्यावं लागेल. ज्याच्या परतीची वाट आलेल्या दाराने नाही, तो तोतया.’ याला आरपी-फिल्टर म्हणतात आणि त्याच्या जागी तो शहाणाच आहे, खोटा पत्ता लावून येणारे खरोखरच असतात. पण मी नजर वर केली आणि हसू आवरेना. समोरचा सगळा कारभार नेमका उलट्या नियमावर चालला होता: परत फिरायचं नसेल, तरच इकडे या.

दुसऱ्या लाइनसाठी वेगळं रूट टेबल केलं आणि ‘आयपी रूल’ने बजावलं, की या पत्त्यावरून जाणारं उत्तर याच दाराने जाईल. दोन ओळींचं काम. पोराचा मेसेज आला, ‘‘उघडली सर!’’

लॅपटॉप मिटला आणि आलो त्याच वाटेने परत निघालो. म्हणजे, मला तसं वाटत होतं. रबडीचं दुकान यायला हवं तिथे बनारसी साड्या आल्या, मग एक बंद दरवाजा, मग मघाचाच बैल. मावशीचा फोन. ‘‘कुठे आहेस रे?’’

‘‘पोचतोच.’’

साडीवाल्याला लॉजचं नाव सांगितलं. त्याने गठ्ठ्यावरचा हात न उचलता हनुवटीने उजवी गल्ली दाखवली. ‘‘आगे पूछ लीजिए.’’