भुतांचा सातबारा

रत्नागिरीत नेमाने सिनेमाला जाणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. पडद्यावर न्यूयॉर्क आलं तर तो मुकाट्याने बघतो, काश्मीर आलं तर उसासे टाकतो. पण कोकण आलं की त्याच्या अंगात तज्ज्ञ संचारतो. आणि हल्ली कोकण सारखंच येतं. येताना भूत घेऊन येतं.

२०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. आमच्या शेजारच्या काकू ती मालिका दिवे घालवून बघायच्या आणि मग पडवीचं दार लावायला काकांना पाठवायच्या. २०१८ साली 'तुंबाड' आला, २०२४ साली 'मुंज्या' थेट हिंदी बोलत आला. एवढं बघून बाहेरच्या माणसाला वाटावं, कोकण रेल्वेच्या प्रत्येक डब्यात एक बर्थ मुंज्यासाठी राखीव असतो. गणपतीतलं आरक्षण दोन मिनिटांत कसं संपतं, याचाही मग उलगडा होतो.

बरं, भूत आहे तर असो. पण मालिकेत ते बोलतं मालवणी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, हे महसूल खात्याला कळलं, एसटीला कळलं, मालिकावाल्यांना अजून कळायचं आहे. मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'ने मालवणीला मुंबईच्या रंगमंचावर मान मिळवून दिला, त्याचं आम्हालाही कौतुक आहे. पण म्हणून आमच्या संगमेश्वरीने काय पाप केलं? कोकणातली लोककला म्हटली की दिग्दर्शक दशावतार लावून मोकळा होतो. आमच्याकडे नमन आहे, जाखडी आहे, शिमग्यात दारोदार नाचणारा संकासूर आहे. काळा झगा, डोक्यावर लांब टोपी, पांढरी दाढी. इतका तयार भयपट फुकटात दारात येतो आणि त्याला कोणी घाबरत नाही, पोरं त्याच्या मागे पळतात. बहुधा म्हणूनच तो निर्मात्यांना चालत नसावा.

भुतावर निभावेल, आंब्यावर नाही. नायिका झाडाला लटकलेला पिवळाधमक हापूस हाताने तोडते आणि तिथेच चावते. माझ्या शेजारी बसलेल्या एका बागायतदारांनी या प्रसंगाला मोठ्याने विचारलं, "देठ कुठाय?" आसपासच्या चार रांगांना प्रश्न पटला. आंबा झाडावर पिवळा होईपर्यंत ठेवत नाहीत. तयार झालेला हिरवा आंबा घळीने देठासकट काढतात. देठ तुटला तर चीक फळावर ओघळतो आणि पेटीतला भाव जातो. मग गवतात आढी. नायिकेने खरोखर तसा आंबा ओरबाडून चावला असता तर चिकाने तिचे ओठ उतले असते आणि पुढची दोन गाणी पाठमोरी घ्यावी लागली असती.

'तुंबाड'मध्ये पाऊस थांबतच नाही. तो मात्र आम्ही बिनतक्रार मंजूर केला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. तुंबाड हे गावही खरं, आमच्याच जिल्ह्यातलं, खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी. श्री. ना. पेंडशांनी १९८७ साली 'तुंबाडचे खोत' दोन खंडांत लिहिलं. त्यातल्या खोतांनी एकमेकांची आणि गावाची इतकी वाट लावली की वेगळ्या भुताची गरजच पडली नाही. सिनेमाने गावाचं नाव घेतलं, खोत सोडले आणि हस्तर नावाचा राक्षस आणला. सिनेमा उत्तम झाला, यात वाद नाही. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. खरं भूत असंच परत येतं.

'तुंबाड'चं चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं आणि तो लागला २०१८ मध्ये, म्हणून लोकांनी चिकाटीची तारीफ केली. आमच्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, त्याची कोणी तारीफ करत नाही. दर गणपतीला प्रदर्शनाची नवी तारीख जाहीर होते. सिनेमातली गाडी मात्र एका गाण्यात मुंबईहून वाड्याच्या दारात उभी राहते, नायकाचे केससुद्धा हलत नाहीत. वाड्यात पुढे काय वाटेल ते दाखवा, विश्वास ठेवू. पण भुतापेक्षा मोठी थाप तुम्ही पहिल्या पाच मिनिटांतच मारलेली असते.

भुताशिवायचं कोकणही पडद्यावर येतं. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१५ साली लागला. त्यात कोकण आहे, पाऊस आहे, समुद्र आहे आणि भूत नाही. बदली होऊन आलेली आई आणि वर्गात कोणी ओळखीचं नसलेला तिचा मुलगा. ज्यांच्या घरात सरकारी नोकरी आहे त्यांना विचारा, बदलीच्या ऑर्डरपुढे हस्तर काय चीज आहे! चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, बर्लिनमध्येही गौरव झाला. निर्मात्यांनी यातून बोध एवढाच घेतला, की पुरस्कार हवा असेल तर भूत काढावं आणि धंदा हवा असेल तर घालावं.

तर धंदेवाल्यांसाठी आमची एक नम्र सूचना. कोकणात वाडे रिकामे आहेत, हे तुम्ही बरोबर हेरलंत. पण ते भुताने रिकामे केले नाहीत. कर्ती माणसं गिरणीत गेली, गिरण्या संपल्यावर मॉलमध्ये गेली. घर गणपतीत आणि शिमग्यात उघडतं. एरवी भुताने घाबरवायचं म्हटलं तरी माणूस कुठे आहे? आणि मेलेला माणूस अजून इथेच आहे हे सिद्ध करायला आम्हाला मांत्रिक लागत नाही, तलाठी पुरतो. पणजोबा जाऊन पिढ्या लोटल्या, तरी सातबाऱ्यावर ठाण मांडून बसलेले. २०२५ साली सरकारने मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायला 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. महाराष्ट्रात एवढ्या मोठ्या प्रमाणावर भुतं उतरवायचा प्रयोग पूर्वी झाल्याचं ऐकिवात नाही.

घ्या ना हा विषय. एक वारस विरारला, एक डोंबिवलीला, एक न्यू जर्सीत, एक लग्न करून दिलेली म्हणून कोणी मोजलेलीच नाही, आणि सगळ्यांच्या सह्या एका कागदावर हव्यात. यात भय आहे, कारुण्य आहे, भाऊबंदकी तर घरचीच. मध्यंतरं हवी तितकी, दर खेपेला साहेब जेवायला गेलेले असतात. उणीव एकच, याला शेवट नाही. त्यामुळे सिनेमाच्या भानगडीत पडू नका, सरळ मालिका काढा.