मुंबई ते दुबई : नवशिक्यांसाठी अंतरमोजणी

प्रथम नकाशा घ्या. त्यावर मुंबई आणि दुबई ही दोन टिंबं शोधून मध्ये रेघ मारा. लांबी भरेल साधारण १,९३० किलोमीटर. जाणकार म्हणतील, पृथ्वी गोल आहे, सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. त्यांना मान डोलवून पट्टी तशीच ठेवा. एवढ्या टप्प्यात फरक किरकोळ पडतो. वैमानिक मात्र हेच अंतर १,०४० सांगेल. दुबई जवळ सरकलेली नाही. तो सागरी मैलांत बोलतोय आणि त्याचा मैल १,८५२ मीटरचा असतो.

आता भागाकार. ताशी ८०० ते ८५० किलोमीटर धरले तर उत्तर येतं सव्वादोन ते अडीच तास. हे उत्तर ताबडतोब खोडा, कारण तिकीट तीन-सव्वातीन तास सांगतं. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. विमान आपला नंबर लागेपर्यंत जमिनीवरच ताटकळतं. शिवाय चढणं-उतरणं सावकाश होतं. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. ते जाताना तोंडावर येतात, येताना पाठीला लागतात, त्यामुळे परतीचा प्रवास थोडा लवकर आटपतो.

पुढची पायरी घड्याळाची. नवशिके हमखास इथेच आपटतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. पहाटे ४ ला निघून ५.४० ला उतरलात, तर एक तास चाळीस मिनिटांत दुबई गाठल्याचं गावभर सांगू नये. तो दीड तास उसना आहे आणि परतीच्या वेळी पूर्ण वसूल होतो. रात्री १० ला दुबई सोडली की मुंबईत उजाडते दुसरी तारीख, वेळ पहाटे सव्वादोन-अडीचची. ‘मी बारा तारखेला निघतोय’ एवढंच कळवलंत, तर भावोजी बाराच्या पहाटे सहार विमानतळावर हजर होतील आणि तुम्ही तेव्हा दुबईत घोरत असाल. तारीख उतरण्याची कळवावी.

इथवर जमलं, तरी हा हिशेब चिपळूणच्या मावशीला सांगायला जाऊ नका. तिचा मुलगा दुबईत आहे, तिला सगळं ठाऊक आहे. चिपळूण ते सहार जेमतेम अडीचशे किलोमीटर, म्हणजे हवाई अंतराचा आठवा हिस्सा. पण मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. विमानाला लागतो त्याच्या दुप्पट वेळ धरा, गणपतीत तिप्पट. वर तीन तास आधी विमानतळावर पोचायचं. थोडक्यात, मावशीच्या लेखी दुबई वाशीनंतर सुरू होते. तिच्या सासऱ्यांच्या पिढीला मिनिटांची कटकट नव्हती. ‘द्वारका’ बोट १९८२ पर्यंत मुंबईहून आखातात जायची, वाटेत बंदरं घेत, आणि माणसं दिवस मोजायची.

सराव म्हणून परतीचं गणित स्वतः सोडवा. विमान थांबल्यापासून बॅग पट्ट्यावर येईपर्यंतचा वेळ कोणत्याही सूत्रात बसत नाही, तो सोडून द्या. येताना किती सोनं आणता येतं, हा प्रश्न अंतराचा नाही, कस्टमचा आहे. त्यासाठी वेगळी मार्गदर्शिका लागेल आणि ती लिहिणारा माणूस बहुधा ग्रीन चॅनेलमध्येच अडकलेला असेल.