एक-दोन-तीन-चार

धसईत त्याला खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता थोडीच. भातगिरणीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत तो ‘एक-दोन-तीन-चार’. संध्याकाळी त्याच्या ओटीवरून दुसरं काही ऐकूच येत नाही, त्याला गाव तरी काय करणार?

२०१६च्या डिसेंबरात महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून धसईचं नाव पेपरात झळकलं. दुकानदारांनी कार्ड घासायची मशिनं घेतली. याने पुढे मोबाईलवरून शिकू या भरवशावर गिटार घेतली.

तर्जनी एक, मधलं दोन, अनामिका तीन, करंगळी चार. सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत, मग उलट. डावं बोट तारेवर बसायला आणि उजव्या हातातलं पिक तारेला लागायला एकच क्षण हवा. बोट मागे राहिलं की सूर नाही, नुसतं ‘थप्प’. हे तो दूध घालायला आलेल्यालाही सांगतो. चार बोटांचे क्रम होतात चोवीस. सगळ्यांत हट्टी अनामिका, कारण तिच्या कंडरा शेजारच्या बोटांना बांधलेल्या. हे पटवायला त्याने टपरीवरच्या गिऱ्हाइकांचे पंजे टेबलावर ठेववले, मधलं बोट आत मुडपायला लावलं आणि अनामिका उचला म्हणाला. कुणाचीच उचलेना. एक म्हातारबाबा लकवा समजून मुरबाडच्या डॉक्टरकडे निघाले होते.

आवणीच्या दिवसांत त्याची आई डाव्या मुठीतली रोपं अंगठ्याने सुटी करते, उजवा हात ती चिखलात खोवतो, आणि कान शेजारणीच्या गाऱ्हाण्यांकडे. हा बांधावरून म्हणाला, “आई, तुझा उजवा हात जरा पुढे पळतोय.” आईचं उत्तर छापण्याजोगं नाही.

गाणं वाजव म्हटलं की तो गंभीर होतो. “मेट्रोनोमवर अजून मिनिटाला ऐंशी ठोक्यांवर आहे. एकशे वीसला स्वच्छ वाजलं की गाणंच.” मागच्या वर्षी साठला होता, तेव्हा अट शंभरची होती. त्याचं शास्त्र खोटं नाही. हात हळूहळूच जुळतात. पण गाण्याला तो भितो, असा माझा संशय आहे. एक-दोन-तीन-चार चुकलं तर त्यालाच कळतं; गाणं चुकलं तर साऱ्या गावाला.

त्याचा खरा वैरी बेंजोवाला. बेंजो म्हणजे १९१२ साली जपानातल्या नागोयात मोरिता गोरो यांनी बनवलेल्या ताइशोगोतोचा देशी वंशज. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या, मेळ तोच. बेंजोवाल्याला बोटांचे आकडे ठाऊक नाहीत, आणि मे महिन्यातल्या हळदी मात्र त्याच्याकडे.

गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या हळदीला बेंजोवाला जेवायला बसला आणि पोरांनी याला धरून मांडवात बसवलं. “दादा, काहीपण वाजव!” त्याला एकच येत होतं. एक-दोन-तीन-चार सुरू झालं. गिटारीची चार घरं सरली नाहीत तोच ढोलवाल्याने ठेका उचलला, काकू पदर खोचून पुढे आल्या, नवरदेव हळदीच्या अंगाने नाचला. चोवीसपैकी एकोणीस क्रम झाले तरी मांडव थांबेना.

संपल्यावर तो ढोलवाल्यावर उखडला. “ऐंशीचं एकशे चाळीस केलंस! माझी करंगळी किती ठिकाणी थपथपली, कळलं का?”

ढोलवाला घाम पुसत म्हणाला, “ते ऱ्हाऊ दे. गाणं कुठल्या पिक्चरमधलं, ते सांग. उद्या वरातीला घेऊ.”