घाऊक बचतसाहेबांस, सुट्या गिऱ्हाइकाकडून

प्रति,
माननीय घाऊक बचतसाहेब,
मुक्काम : कोणत्याही मोठ्या शहराचा बायपास



आपण अजून नांदूरघाटला पायधूळ झाडली नाही, याबद्दल तक्रार नाही. केज तालुक्यात एवढं थोरलं गोदाम उभं करायचं म्हणजे आधी बरंच काही पाहावं लागत असेल. आपली कीर्ती मात्र पोचली आहे. पुण्यात नोकरीला असलेली आमची पोरं सणाला गावी येतात ती आपलेच गोडवे गात. पाच किलो घेतलं तर किलोमागं इतके सुटतात, दोन डबे घेतले तर तिसरा निम्म्यात. ऐकून वाटतं, माणूस जितका जास्त खर्च करील तितका श्रीमंत होतो. ही विद्या आम्हालाही हवी आहे. तेवढ्या चार-दोन शंका फेडाव्यात, म्हणून हे पत्र.

पहिली शंका वाहनाची. केजला किंवा बीडला जाऊन पोतं आणायचं तर एसटी आहे. बायकांना मार्च 2023 पासून निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर ते मुळीच नाही. म्हणजे बचतीची सुरुवात झोकात. पण पोतं ना बाई, ना पंचाहत्तरीचं. ते जीपमध्ये टाकावं, तर जीपवाला त्याचं वेगळं भाडं घेतो आणि फाट्यावर उतरवून मोकळा होतो. तिथून घरापर्यंत त्याला कोण आणतं, हे आपल्या पावतीवर छापलेलं नसतं.

दुसरी शंका रोकड्याची. समजा, सहा हजारांचा तीन महिन्यांचा किराणा एकदम भरला आणि आपल्या कृपेनं शेकडा आठ रुपये वाचले. चारशे ऐंशी झाले. आता हे सहा हजार दरमहा शेकडा तीननं काढलेले असतील आणि सोयाबीन निघाल्यावर फेडायचे असतील, तर तीन महिन्यांचं व्याज पाचशे चाळीस. साठ रुपये पदरचे घालून बचत केली! आमचा गल्लीतला दुकानदार किलोमागं दोन रुपये जास्त लावतो, हे आम्हाला काय कळत नाही? पण तो वहीत लिहून घेतो आणि घरात मयत झाली तर महिनाभर तोंड उघडत नाही. ते दोन रुपये व्याजाचेच आहेत, आणि तेही पावशेरापावशेरानं फिटतात. आपल्या काउंटरवर उधारीची वही ठेवाल का?

आणि पावशेराला आपण हिणवू नये. एक रुपयाच्या शाम्पूच्या पुडीत मिलिलिटरचा हिशेब केला तर ती कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते. वेष्टनावर ग्रॅममागं किंवा किलोमागं किंमत किती, हे आता छापावं लागतं. ते बारीक अक्षर ‘महाबचत’ या ठळक अक्षराखाली शोधायला चष्मा लागतो, एवढंच. तेलाचंही तसंच. पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. पण पंधरा लिटर तेलाचं वजन साडेतेरा किलोच्या जरा वर भरतं. डबा स्वस्त मिळाला म्हणून खुशीत घरी आलेल्या माणसाला हे सांगू नये. त्या खुशीत त्या दिवशी भजी होतात, दुसऱ्या दिवशी पुऱ्या, आणि दोन महिन्यांचा डबा सव्वा महिन्यात तळ दाखवतो.

कराची गंमत तर आपण जाणताच. 18 जुलै 2022 पासून छापील पिशवीतल्या धान्यावर, डाळीवर, पिठावर 5 टक्के जीएसटी आला. पिशवी 25 किलोच्या वर गेली की तो नाही. म्हणून तर तुमची तांदळाची पोती एकाएकी सव्वीस आणि तीस किलोंची झाली. पोतं फोडून तागडीत सुटं मोजून देणाऱ्यालाही कर नाही. म्हणजे सरकारदरबारी एक अगदी मोठा सुटला आणि एक अगदी सुटा सुटला. सापडली ती पाच किलोची चकचकीत पिशवी.

साठवणीचं आम्हाला शिकवू नका. आमच्या आज्या ज्वारीला कडुलिंबाचा पाला आणि डाळीला एरंडेल लावून वर्ष काढायच्या, आणि मराठवाड्यातल्या मोठ्या घरांत तर जमिनीखाली पेव असायचं. आता पत्र्याची एक खोली असते. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली रव्याला जाळी धरते, तांदळात सोंडे होतात, शेंगदाणा खवट होतो. उंदराला मात्र घाऊक-किरकोळ हा भेद नसतो.

आपल्या धंद्याची एक रीत खरोखर चांगली आहे, पण ती आपल्याआधीच लोकांनी काढली. 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात आणि आलेला माल आपसांत वाटून घेतात. पोतं एक आणि घरं दहा. आमच्या बचत गटाच्या बायांनी मनात आणलं तर मारुतीच्या पारावर हे उद्या होईल. मग आपलं काय काम, हा प्रश्न मी अदबीनं गिळतो. तिकडे अमेरिकेत 1983 साली निघालेल्या कॉस्टकोत खरेदी करायची तर आधी वर्षाची वर्गणी भरावी लागते, आणि कंपनीच्या नफ्याचा मोठा वाटा त्या वर्गणीतूनच येतो म्हणे. बचतीला तिकीट लावणारा माणूस थोरच.

बाकी घाऊक व्यवहार आम्हाला नवा आहे, असा आपला समज असेल तर तो काढून टाका. विकायला निघालो की आम्ही घाऊकच. सोयाबीन क्विंटलनं जातं आणि भाव समोरचा सांगतो. त्याच सोयाबीनचं तेल परत येतं ते पिशवीनं, तेव्हाही भाव समोरचाच सांगतो.

आणि सोयाबीन तर किरकोळ म्हणायचं. आमच्या बीड जिल्ह्यातली खरी घाऊक खरेदी पावसाळ्यातच सुरू होते. ऊसतोडणीचा मुकादम आगाऊ उचल देतो आणि एका जोडप्याचे पुढचे पाच-सहा महिने एकरकमी विकत घेतो. नवरा-बायको मिळून धरतात एक कोयता. माणसं दोन, नग एक. एकावर एक ही योजना आपल्याच सुपीक डोक्यातून निघाली, असं पुण्याची पोरं समजतात. आपल्याकडे न आवडलेला माल परत घेतात. इथे आजारपणानं खाडा पडला तर दंड विकल्या गेलेल्याच्याच अंगावर. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, हे खरं. पण उचल आधी, घाम नंतर आणि हिशेब सर्वांत शेवटी, ही वहिवाट आहे तशीच आहे.

त्या उचलीतून आधी दुकानाची जुनी उधारी फिटते, मग दवाखाना, एखादं लग्न. उरलेल्यातून हंगामाची बाजरी, ज्वारी, तिखट, डाळ एकदम भरली जाते. तेव्हा घाऊक खरेदी करणारी कुटुंबं दाखवा असं कोणी म्हणालं तर मी इथलीच दाखवीन. सगळा माल एकरकमी, एकाच खेपेत. साठवण उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत. किलोमागं रुपया-दोन रुपये त्यांचे नक्की वाचत असतील. ते कोणाच्या खात्यावर जमा होतात, हे आपल्या यंत्रावर निघालं तर कळवावं.

शाखा उघडायचा विचार झालाच तर उद्‌घाटन दसऱ्याच्या आधी ठेवा. दिवाळी झाली की आपलं गिऱ्हाईक ट्रॉलीत चढलेलं असेल, साखर कारखान्याच्या.

आपला नम्र,
नांदूरघाटचं एक सुटं गिऱ्हाईक