जुनी पेटी दुरुस्त करू पाहणाऱ्यांस सूचना

माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेली भजनाची पेटी वाजती करायची, तर सर्वप्रथम तिच्या मालकाला गावाला पाठवावं. आमच्याकडे मालक म्हणजे मोठेबाबा. स्वतः उघडणार नाहीत, दुसऱ्याला उघडू देणार नाहीत. ‘‘तिले काही नाही झालं बे. हात नको लावू, सूर हालतीन.’’ त्यांना अकोल्याहून अमरावतीला लेकीकडे पोचवावं, मगच पेचकस हाती घ्यावा.

पेटीवरचे कुरड्यांचे डबे उतरवावे.

मुहूर्त दिवाळीनंतरचा. अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, लाकूड आकसतं, पट्ट्या खुळखुळतात. श्रावणात त्याच फुगून अडकतात. तेव्हा त्या पॉलिश पेपरने घासणारे महाभाग वैशाखात पस्तावतात.

आता भात्याची परीक्षा. भाता भरावा आणि एकही पट्टी न दाबता हात सोडावा. सावकाश बसला तर नशीब. फस्सकन बसला तर घड्यांचे कोपरे पाहावे. तिथल्या चामड्याला सरस असतो आणि उंदरांना तो आवडतो. भोकावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावू नये. (ती आधीच लावलेली असेल. कोणी, ते विचारू नये.) ती सोलून पातळ चामड्याचं ठिगळ सरसाने बसवावं.

मुका सूर बहुधा मेलेला नसतो. पितळी जिभेखाली कापसाचा तंतू अडकलेला असतो, आणि वऱ्हाडात कापूस कुठे नाही? पातळ कागद जिभेखालून हळूच ओढावा. तेल सोडू नये. तेलावर धूळ बसते आणि तिचा चिखल होतो. खोबरेल तर नाहीच. मोठेबाबा, खोबरेल नाही!

जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. एवढं कळलं की कोणालाही कानस घ्यावीशी वाटते. घेऊ नये; घासलेलं पितळ परत येत नाही. त्यातून सूर पालिताण्याच्या नावाजलेल्या घडणीचे निघाले, तर पेटी निमूट कारागिराकडे न्यावी. त्याला एकच बजावावं: काळी दोनच्या पट्टीचा रंग उडून लाकूड दिसतंय, तिला हात लावायचा नाही. मोठेबाबांचं सगळं गाणं तिथूनच सुरू होतं. त्या पट्टीवर बोटाएवढा खोलगट भाग झालाय, आणि डोळे मिटूनही त्यांचं बोट नेमकं तिथेच पडतं.

परतल्यावर त्यांच्याशी वाद घालू नये. ते म्हणतील, रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली, तिचं काय बिघडलं? मग मोझरीचा दाखला येईल: तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली, तू पेटीचं काय घेऊन बसला? मान डोलवावी. पेटी पुढ्यात सरकवावी. तासभर वाजवून झाल्यावर ‘‘पयले बरी होती’’ हा अभिप्राय मिळेल, तो पावती समजावा.

कारागिराचे पैसे सांगताना आकडा निम्मा करावा. तरी ते म्हणतीलच, ‘‘एवढ्यात तं नवी आली असती!’’