केसपेपर मोफत, बाकी समोर

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर मोफत झाला, याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. केसपेपर म्हणजे उपचारांचा आत्मा. औषधांचं काय, ती समोरच्या मेडिकलमध्ये मिळतातच. डॉक्टरसाहेब केसपेपरवर दोन गोळ्या लिहितात आणि उरलेली औषधं एका बारक्या, बिनशिक्क्याच्या चिठ्ठीवर. सलाईनची सुई अन् हातमोजे त्यातच आले. चिठ्ठी घेऊन नातेवाईक रस्त्यापलीकडे पळतो. पेशंटबरोबर घरच्यांच्याही प्रकृतीची एवढी काळजी कुठलं सरकार घेतं?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. त्यातलं २०२५ अगदी वेळेवर आलं.

राहता राहिल्या बारीकसारीक गैरसोयी. सोनोग्राफी बाहेर, रक्ताच्या तपासण्या बाहेर, आणि संध्याकाळी सहानंतर साहेब स्वतःही बाहेर. त्यावर एक नम्र सूचना. नवी यंत्रं, नवी भरती असल्या खर्चात न पडता शासनानं फक्त कंपाउंडची भिंत पाडून दोनशे मीटर पुढे बांधावी. मेडिकल, लॅब, साहेबांचा दवाखाना, सगळं आपोआप आत येईल आणि रुग्णालय एका रात्रीत सुसज्ज होईल. दर मात्र तेच ठेवावेत. उगाच फुकटची सवय नको.

भिंतीच्या भूमिपूजनाला मंत्रिमहोदय येतीलच. ऐन नारळ फोडताना छातीत कळ आली तरी कार्यकर्त्यांनी घाबरू नये. ड्रायव्हरला मुंबईच्या खासगी रुग्णालयाचा रस्ता पाठ आहे.