सेन्सरच्या अर्थला दिव्याची वायर पिळणाऱ्यास

गाडीला फॉग लॅम्प बसवून देणाऱ्या अण्णा,

तुमचे नाव, दुकान लिहीत नाही. काम मात्र सगळ्या हुबळी-धारवाडला कळू दे.

बॉडीच्या बोल्टपर्यंत हातभर वायर ओढणे तुमच्या इतके जिवावर आले, की समोर दिसली ती बारीक वायर सोलून दिव्यांची काळी वायर तुम्ही तिथेच पिळलीत आणि वर टेप गुंडाळलीत. ती कशाची वायर होती? सेन्सरांच्या अर्थची. मिलिअँपिअरचा करंट न्यायचा, म्हणूनच ती बारीक असते. तिच्यावर तुम्ही 55 वॉटचे दोन दिवे, म्हणजे 9 अँपिअरचा भार टाकलात!

इंजिन तापले की टेंपरेचर सेन्सरचा सिग्नल जेमतेम अर्ध्या व्होल्टवर येतो. दिवे लावले की अर्थच जवळपास तेवढी वर चढायची. मीटर लावून मी 0.4 व्होल्ट पाहिले, तिथे 0.05 सुद्धा जास्तच. इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, वाटणार इंजिन अजून थंड आहे, पेट्रोल वाढवा. हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची अर्थही तीच, म्हणून हवा जास्त आल्याची खोटी वर्दी. तुम्ही दिवे बसवलेली माझ्या भावाची गाडी रात्री नवलूरच्या पुढे काळा धूर सोडत, मिसिंग करत धारवाड गाठायची. सकाळी वर्कशॉपमध्ये स्कॅनरवर सगळे ठीक, कारण दिवसा दिवे बंद! दोन चांगले सेन्सर विनाकारण बदलले गेले. त्यांवर गेलेले पैसे भावाच्या घरच्या किराण्याचे होते.

शिवाय तुमच्या वायरींसोबत इग्निशन कॉइल आणि क्रँक सेन्सर यांच्या वायरी तुम्ही एकाच केबल टायमध्ये आवळल्यात. कॉइलचा करंट तुटताना तीनशे-चारशे व्होल्टची उसळी येते. क्रँक सेन्सरच्या वायरींना पीळ आणि वर जाळी असते, ती शोभेसाठी? चुंबकी सेन्सर असेल तर सेल्फ मारताना सिग्नल बऱ्याचदा एक व्होल्टही नसतो. त्यात ती उसळी मिसळली, की क्रँकच्या चाकाचे दात मोजण्यात चूक होते आणि स्पार्क भलत्याच वेळी पडतो.

ज्या धारवाडात बसगाड्या बनतात, तिथे चांगली वायरिंग शिकवणारे हात कमी नाहीत. विचारायला लाज कसली?

तुम्ही दिवे बसवलेल्या गाड्या परत बोलवा. काळी वायर सोडवा, रंग खरवडून ती बॉडीला घट्ट बोल्ट करा, सोललेली जागा सोल्डर करून झाका. आणि या कामाचे पैसे मागू नका.